हाफटाइमच्या त्या फॉरवर्डमधली भेसळ

फिलाडेल्फिया ईगल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक फायनल, जिंकला, जेलन हर्ट्स त्या सामन्याचा मानकरी ठरला आणि तेव्हापासून एक फॉरवर्ड जोरात फिरायला लागलाय. मला तो आतापर्यंत चार ठिकाणांहून आला. त्यातला एक ऑफिसच्या ग्रुपवर, साहेबांकडून, नेमका अप्रेझलच्या आठवड्यात. खाली हात जोडलेले.

मजकूर थोडक्यात असा: ८ जानेवारी २०१८, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल. अलाबामाचा कॅप्टन हर्ट्स सपशेल अपयशी. हाफटाइमला जॉर्जिया १३, अलाबामा ०. कोच निक सेबनने क्षणाचाही विचार न करता हर्ट्सला बसवलं आणि कधीच न खेळलेल्या एका अनोळखी पोराला उतरवलं. पोराने एकहाती सामना फिरवला. अपमानित हर्ट्स संघ सोडून गेला आणि पुढे सुपर बोल जिंकून सगळ्यांची तोंडं बंद केली. तात्पर्य, जो चालत नाही त्याला ताबडतोब बदला.

तारीख बरोबर आहे. स्कोअर बरोबर आहे. कोचचं नावही बरोबर. त्यापुढे मात्र दुधात इतकं पाणी आहे की दूध शोधावं लागतं.

आधी ‘कॅप्टन’चं बघू, पटकन. हर्ट्स क्वार्टरबॅक होता. हल्ला करणाऱ्या संघाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि तो लांब फेकायचा, शेजारून पळणाऱ्याच्या हातात कोंबायचा की स्वतःच घेऊन सुटायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की पुन्हा नवे चार. कॅप्टनपद वेगळं, ही जागा वेगळी. इथे एकावेळी एकच माणूस खेळतो, म्हणूनच तो बदलला की एवढा गहजब होतो.

आता ‘सपशेल अपयशी’. २०१६ च्या पहिल्या सामन्यात हर्ट्स स्वतः बदली म्हणून उतरला होता. ब्लेक बार्नेटने सुरुवात केली, काही वेळाने अठरा वर्षांचा हर्ट्स आला, पहिल्याच चालीत त्याच्या हातून चेंडू सुटला, आणि तरी अलाबामाने सदर्न कॅलिफोर्नियाला ५२–६ असं धुतलं. त्या वर्षी अलाबामा ज्या कॉलेजगटात खेळतं त्या एसईसीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू हाच. मोसमाच्या शेवटी क्लेमसन कॉलेजविरुद्धच्या फायनलमध्ये दोन मिनिटं शिल्लक असताना त्याने ३० यार्ड पळून आघाडी मिळवून दिली. ती शेवटचा एक सेकंद उरलेला असताना गेली, ३१–३५. पुढच्या अख्ख्या मोसमात त्याचे १७ टचडाउन पास (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार पोचणं, सहा गुण), आणि प्रतिस्पर्ध्याने मधेच झेललेला पास फक्त एक. अलाबामासाठी त्याने ज्या २८ सामन्यांची सुरुवात केली, त्यातले २६ संघ जिंकला.

या २६ मध्ये एक गंमत आहे. विजय नोंदला जातो सुरुवात करणाऱ्याच्या नावावर. त्यामुळे ज्या रात्री त्याला बसवलं, ती फायनलसुद्धा हर्ट्सच्याच खात्यात विजय म्हणून जमा आहे!

पण मग बसवलं का? कारण प्रश्न ‘चांगला की वाईट’ असा नव्हताच. पहिल्या हाफमध्ये हर्ट्सचे आठांपैकी तीनच पास पोचले, मिळाले २१ यार्ड. पळून मात्र त्याने ४७ काढले. म्हणजे जे त्याला उत्तम जमत होतं ते त्या रात्रीही जमत होतं. अडचण अशी की लांबच्या पासची भीती नसली की समोरचा संघ माणसं पुढे आणून पळायच्या वाटाच बुजवून टाकतो. असंच काहीसं नोव्हेंबरमध्ये ऑबर्नविरुद्ध झालं होतं, तो सामना अलाबामा १४–२६ असा हरला होता. १३ गुणांनी मागे असताना लांब फेकणारा हात हवा होता, आणि तो बेंचवर बसलेला होता. पाना चालेना म्हणून आपण पक्कड घेतो, त्यावरून पाना भंगारात काढत नाही. आणि हो, अलाबामाच्या शून्यात किकर अँडी पापानास्टोसची हुकलेली एक किकही होती. तिचा फॉरवर्डमध्ये पत्ता नाही, किकरवर कोण पोस्ट लिहिणार!

‘कधीच न खेळलेला अनोळखी पोरगा’ म्हणजे टुआ टागोव्हायलोआ, हवाईचा, डावखुरा. होनोलुलूच्या शाळेत असतानाच देशभरातल्या मोठ्या कॉलेजांची त्याच्यावर नजर होती. अनोळखी तो फक्त फॉरवर्ड लिहिणाऱ्याला. फायनलआधी त्या मोसमात त्याने ५३ पास फेकले होते, ३५ पोचले होते, त्यातले ८ टचडाउन. बहुतेक सगळे सामना खिशात आल्यावर, शेवटच्या क्वार्टरमध्ये, उरलंसुरलं खेळताना. आपल्याकडे अशा वेळी लोक उठून गाडी काढायला जातात. पण त्याच वेळात हे पोरगं खऱ्या मैदानावर, खऱ्या गर्दीसमोर तयार होत होतं. पुढे फायनलला कामी आलेले त्याचे जोडीदारही त्याच वर्षी दाखल झालेले: हेन्री रग्ज, डेव्हॉन्टा स्मिथ, नाजी हॅरिस.

‘एकहाती’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, म्हणून इथे जरा थांबतो. टुआ उतरला, रग्जला टचडाउन पास दिला, १३–७ झालं. छान. लगेच जॉर्जियाचा क्वार्टरबॅक जेक फ्रॉमने मिकोल हार्डमनला ८० यार्डांचा टचडाउन दिला. २०–७. म्हणजे बदल केल्यानंतर अलाबामा पुन्हा १३ नेच मागे. मग टुआने थेट जॉर्जियाच्या डिअँड्रे बेकरच्या हातात पास फेकला. खेळ तिथेच संपायचा. पण पुढच्याच चालीत फ्रॉमचा पास कुणाला तरी लागून उडाला आणि अलाबामाच्या रेक्वॉन डेव्हिसने तो झेलला. डेव्हिस म्हणजे बचावफळीतला अजस्र देहाचा माणूस, पास झेलणं हे त्याचं रोजचं काम नव्हे. त्याचा हात तिथे नसता तर हा फॉरवर्ड आज ‘अनुभवी माणसाला ऐन वेळी कधीच बदलू नका’ या तात्पर्यासह फिरला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हार्डमनच्या त्या टचडाउननंतर ठरलेल्या वेळेत जॉर्जियाला एकही गुण मिळाला नाही. हे काम बचावफळीचं, आणि ती सगळी मंडळी टुआ पाणी पीत असताना मैदानात घाम गाळत होती. हॅरिसने सहा वेळा पळून ६४ यार्ड काढले. सामना रंगात असताना क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा डाव्या बाजूचा टॅकल जोना विल्यम्स जखमी होऊन बाहेर गेला आणि ॲलेक्स लेदरवूड हा आणखी एक पहिल्या वर्षाचा मुलगा त्याच्या जागी उभा राहिला. ही बदलीसुद्धा त्याच रात्रीची. तिच्यावर एक ओळ नाही. पापानास्टोसने दोन फील्ड गोल (किकचे तीन-तीन गुण) मारले, अलाबामाच्या कॅल्विन रिडलीने चौथ्या प्रयत्नात टचडाउन झेलला, २०–२०. मग शेवटच्या क्षणी जिंकून देणारी ३६ यार्डांची किक त्याच पापानास्टोसने बाहेर मारली. ती आत गेली असती तर पुढचा सगळा चमत्कार घडायची गरजच नव्हती.

ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने ५१ यार्डांवरून किक मारून तीन गुण घेतले. अलाबामाच्या पहिल्या चालीत टुआ चेंडू हातात धरून मागे मागे पळत राहिला आणि १६ यार्ड गमावून आडवा झाला. नवख्याची चूक, दुसरं काही नाही. आता दुसरा प्रयत्न, जायचं २६ यार्ड. इथे त्याने जे केलं ते मात्र शंभर नंबरी. चेंडू हातात आल्यावर त्याने मान उजवीकडे ठेवली. मागे उभा असलेला जॉर्जियाचा रखवालदार त्या नजरेच्या ओढीने तिकडे सरकला. तेवढ्या वेळात डाव्या कडेने स्मिथ सुसाट सुटला होता. टुआने मान वळवली, एकदाच, आणि ४१ यार्डांचा पास सरळ त्याच्या हातात. २६–२३, सामना संपला. त्याचा हिशेब: २४ पैकी १४ पास, १६६ यार्ड, तीन टचडाउन, एक प्रतिस्पर्ध्याने मधेच झेललेला. कौतुक करावं तेवढं थोडं. पण हे ‘एकहाती’ नव्हे, आणि बिनचूक तर नव्हेच.

‘क्षणाचाही विचार न करता’? बरं. मग त्यानंतरचे आठ महिने सेबनसाहेब काय करत होते? फायनल जिंकून देणारा पोरगा हाताशी असताना २०१८ च्या मोसमाचा क्वार्टरबॅक कोण, हे त्यांनी ऑगस्ट उलटला तरी जाहीर केलं नव्हतं. लुईव्हिलविरुद्धचा पहिला सामना ५१–१४ असा जिंकल्यावर टीव्हीच्या वार्ताहर बाईंनी दोन क्वार्टरबॅकबद्दल साधा प्रश्न विचारला, तर हे त्यांच्यावर कॅमेऱ्यासमोरच उखडले. नंतर माफी मागितली. विचार झाला नव्हता असं नाही, विचार संपत नव्हता.

आता हर्ट्सच्या ‘अपमान गिळून’ जाण्याकडे येऊ. तो तेव्हा गेलाच नाही. गिळलंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पत्रकारांसमोर त्याने स्पष्ट सांगितलं की इतक्या महिन्यांत तुला काय वाटतंय हे त्याला कुणी विचारलं नाही, प्रशिक्षकांनीही नाही. मला तो या वाक्यासाठी जास्त आवडतो. मूग गिळून बसणाऱ्या आदर्श पुतळ्याची गोष्ट फॉरवर्डला सोयीची असते, खरा माणूस बोलतो आणि दुसऱ्या दिवशी सरावालाही येतो. यात व्यवहारही होता, तो लपवायचं कारण नाही. तेव्हाच्या नियमानुसार पदवी न घेता कॉलेज बदलणाऱ्याला सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. पदवी हातात असली की लगेच खेळता येई. हर्ट्सने डिसेंबर २०१८ मध्ये पदवी घेतली आणि जानेवारीत ऑक्लाहोमा गाठलं.

याच मोसमात क्लेमसनमध्ये उलटं घडत होतं, आणि ते फॉरवर्डवाल्यांनी मुद्दाम वाचावं. चारही सामने जिंकलेल्या केली ब्रायंटला बाजूला करून तिथले प्रशिक्षक डॅबो स्विनींनी पहिल्या वर्षाचा ट्रेव्हर लॉरेन्स पुढे आणला. त्या वर्षी नवा नियम आला होता: चार सामन्यांपर्यंतच खेळलात तर कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांतलं ते वर्ष खर्ची पडत नाही. ब्रायंट दोन दिवसांत निघून गेला. त्या शनिवारी, २९ सप्टेंबरला, लॉरेन्सच्या डोक्याला मार बसला, आणि अनुभवी माणूस घरी! चेस ब्राइस नावाच्या बेंचवरच्या मुलाने ९४ यार्डांची चाल रेटत सायराक्यूजविरुद्धचा सामना कसाबसा २७–२३ असा काढला. त्याच दिवशी हर्ट्स अलाबामासाठी मोसमातला पाचवा सामना खेळायला उतरला, म्हणजे ब्रायंटने वापरलेली पळवाट त्याने स्वतःसाठी बंद करून घेतली.

त्याचं फळ १ डिसेंबरला मिळालं. २०१८ ची फायनल झाली तेच अटलांटातलं स्टेडियम, समोर तोच जॉर्जिया. अलाबामा २१–२८ मागे, टुआचे २५ पैकी दहाच पास पोचलेले, दोन मधेच झेललेले, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याचा घोटा दुखावला. हर्ट्स आला. नऊपैकी सात पास, जेरी ज्युडीला एक टचडाउन, आणि एक मिनिट चार सेकंद उरले असताना १५ यार्ड स्वतः पळत विजयाचा टचडाउन. ३५–२८. ‘जो चालत नाही’ त्याला अकरा महिन्यांपूर्वी खरोखर बदलून टाकलं असतं, तर त्या संध्याकाळी उतरवायला होतं कोण?

राहता राहिलं तात्पर्य. त्याला उत्तर सेबननेच देऊन ठेवलंय. ७ जानेवारी २०१९, पुढच्या वर्षीची फायनल, सँटा क्लारा. समोर क्लेमसन, लॉरेन्ससह. हाफटाइमला अलाबामा १६–३१ असा मागे, म्हणजे आदल्या वर्षीच्या १३ पेक्षाही दोन गुण जास्त. टुआचे दोन पास क्लेमसनने झेललेले, त्यातला एक थेट पळवत नेऊन टचडाउन. बेंचवर हर्ट्स, धडधाकट, पाच आठवड्यांपूर्वीच संघाला वाचवलेला. कोच तोच. तिसऱ्या क्वार्टरला मैदानात उतरला टुआच. अलाबामाला त्यानंतर एकही गुण मिळाला नाही, ४४–१६.

साहेबांना मी एवढाच स्कोअर उत्तरादाखल पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्यात.