कंपनीचा स्टीरिओ काढण्याआधी दार उघडून पाहा

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरत असतो. कंपनीच्या स्टीरिओतून बेस कधीच येत नाही, तेव्हा तो काढून ‘५० वॉट गुणिले ४’चा, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट देणारा, नवा स्टीरिओ बसवा; इक्वलायझरमध्ये बेस पूर्ण वर ठेवा; ब्लूटूथ टाळा; डिकीत १२ इंची सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, खोका ठेवा आणि दिवे मंदावू लागले तर कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा डबा, जोडा, असा त्याचा सारांश. या सल्ल्यातला एकच भाग अर्धा बरोबर आहे. बाकीचा खिशाला भुर्दंड आहे.

आधी वॉटचा हिशेब. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि दारातला स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की सुमारे ५२ येतात, आणि खोक्यावर छापलेले ‘५०’ तिथूनच येते. मात्र तो आकडा आवाजाची लाट चौकोनी होईपर्यंत, म्हणजे गाणे पार फाटेपर्यंत ताणल्यावरचा आहे. स्वच्छ आवाजाची कागदावरची मर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे २६ वॉट, आणि प्रत्यक्षात हाती लागतात १८ ते २० वॉट. कंपनीच्या साध्या स्टीरिओची ताकदही जवळपास एवढीच असते. नव्या स्टीरिओने स्क्रीन मोठी होते, आवाज जुळवण्याच्या सोयी वाढतात, हे मान्य. पण ताकद आहे तिथेच राहते.

मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ते म्हणजे दार. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागच्या बाजूस नेमका उलटा दाब तयार होतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि ती बहुतेक गाड्यांत केवळ प्लास्टिकच्या पातळ कागदाने झाकलेली असतात. मागची हवा त्यांतून पुढे येऊन पुढच्या आवाजात मिसळते आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असल्यामुळे त्या सुरांची यातून सुटका नसते. वरचे सूर मात्र तुलनेने शाबूत राहतात, म्हणून आवाज ‘पत्र्यासारखा’ वाटतो. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले ब्युटिल रबराचे, कंप शोषणारे डॅम्पिंग शीट लावून ही भोके घट्ट बंद केली आणि स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी बसवली, तर त्याच स्टीरिओवर फरक कानाला कळतो. एक खबरदारी मात्र हवीच: दाराच्या तळाशी असलेली पाण्याची भोके बुजवू नयेत. मुंबईच्या पावसात काचेच्या फटीतून आत उतरणारे पाणी तिथूनच बाहेर पडते. ती बंद झाली की दार आतून गंजू लागते.

याच वेळी वायरींची दिशाही तपासावी. एका बाजूच्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले असेल, तर डावा आणि उजवा एकमेकांचा बेस मारतात. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर बेस वाढल्यासारखा वाटला, तर संशय घ्यायला जागा आहे. वायरी स्टीरिओपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की खात्री पटते: सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला टेकताच पडदा बाहेर यायला हवा.

बेस पूर्ण वर ठेवण्याचा सल्ला तर सरळ तोट्याचा. बेस दर ३ डेसिबलने वाढवताना ताकद दुप्पट लागते, म्हणजे ९ डेसिबलला आठपट. जिथे ५ वॉट पुरत होते तिथे ४० लागणार, आणि ते स्टीरिओपाशी नाहीतच; उरते ती फाटलेली घरघर. ब्लूटूथचा आरोपही लटका आहे, कारण गाणे पाठवण्यासाठी तिथे आवाजाचा डेटा आकुंचित करतात त्याचा फटका प्रामुख्याने वरच्या सुरांना बसतो.

अर्धा बरोबर मुद्दा सबवूफरचा. साडेसहा इंची स्पीकरने ४० हर्ट्झ दणक्यात वाजवावेत ही अपेक्षाच चूक, तेव्हा सबवूफर हवा. पण त्यासाठी स्टीरिओ काढावा लागत नाही: हाय-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्याच वायरींतून सिग्नल घेतो आणि तशी सोय नसेल तर तोच सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरला चालेल इतका सौम्य करणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावता येतो. शिवाय मुंबईतल्या कितीतरी गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे; १२ इंची खोका ठेवायचा कुठे? सीटखाली मावणारा, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला ८ इंची सबवूफर तिथे शहाणपणाचा. अगदी खालच्या सुरांत तो मोठ्या खोक्याची बरोबरी करणार नाही, पण डग्ग्याची घुमक आणि ढोलाचा ठोका त्यावर नीट उमटतो. बंद केबिनही खालच्या सुरांना आपसूक उचलून धरते.

राहिला कपॅसिटर. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर उतरताना जेमतेम ३२ जूल देतो. ५०० वॉट ओढणारा अ‍ॅम्प्लिफायर ते ०.०६ सेकंदात संपवतो. दिवे मंदावतात ते वायर बारीक असल्यामुळे, अर्थिंग कच्चे असल्यामुळे किंवा सिग्नलला इंजिन आयडलिंगवर असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) कमी पडल्यामुळे. कपॅसिटरचे पैसे बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या वायरवर घालावेत. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, घ्या वा घराजवळच्या दुकानात, टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरा धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे. या वायरीवरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा, आणि इंजिनाकडून केबिनमध्ये येताना वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारे कडे, बसवलेले असावे.