गावच्या स्टेशनची स्मरणिका काढताय? मग एवढं कराच

परळच्या खोलीत ग्रामस्थ मंडळाची मीटिंग झाली, ठराव झाला, वर्गणी ठरली. कोकण रेल्वेवरच्या तुमच्या गावच्या स्टेशनची स्मरणिका आता निघणारच. उत्तम. गाडी थांबत नसली म्हणून स्मरणिका थोडीच थांबवायची?

इतिहास १६ एप्रिल १८५३ पासूनच सुरू करा. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे. आपल्या गावात शिट्टी ऐकू यायला त्यानंतर सुमारे १४० वर्षं लागली, असलं काही लिहून विरस करू नका. पुढे १९९० मध्ये स्थापन झालेलं कोकण रेल्वे महामंडळ, गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिल्याने रखडलेलं काम आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत पूर्ण सुरू झालेला ७४१ किलोमीटरचा मार्ग. या मार्गासाठी झटलेले बॅ. नाथ पै, मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन यांना एकेक ओळ पुरे. मंडळाच्या अध्यक्षांना पूर्ण पान, तेही रंगीत.

‘प्रवासी सुविधा’ लिहिण्याआधी एक चौकशी करा: आपलं स्टेशन हॉल्ट आहे की क्रॉसिंगचं? हॉल्टला लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घेऊन उभी करायचा जादा रूळ, नसते, स्टेशन मास्तर नसतो. तिकिटं कमिशनवर नेमलेला माणूस विकतो. खिडकी गाडीच्या वेळेपुरती उघडते, गाडी गेली की तोही घरी. या व्यवस्थेला ‘घरगुती वातावरण’ म्हणावं.

क्रॉसिंग स्टेशन असेल तर तुमची चैनच. मार्ग बहुतेक एकेरी असल्याने समोरची गाडी जाईपर्यंत एक्स्प्रेस तुमच्या लूपवर वीस-वीस मिनिटं उभी राहते. खिडकीत सख्खा चुलत भाऊ दिसतो, त्याला पाण्याची बाटलीही देता येते. पण त्याने उतरायचं नाही. हा थांबा नव्हे, नुसतं थांबणं आहे. त्याचं तिकीट पुढच्या मोठ्या स्टेशनचं. तिथे उतरून, तिकिटापेक्षा जास्त पैसे रिक्षाला मोजून, तो तासाभराने परत तुमच्याच दारात येतो.

आता थांब्याची मागणी. उत्तर ठरलेलं असतं: आपल्या स्थानकाचं उत्पन्न कमी आहे. असणारच. जी गाडी इथे थांबत नाही तिचं इथलं तिकीट निघत नाही, आणि गावातल्या माणसांचे पैसे मोठ्या स्टेशनच्या खात्यावर चढतात. तरीही निवेदनं देऊन कधीतरी सहा महिन्यांसाठी प्रायोगिक थांबा मिळतो. त्या दिवशी लेझीम लावा, लोको पायलटला हार घाला, बॅनरवर सगळ्यांचे फोटो येतील असं बघा. मग सहाही महिने नेहमीप्रमाणे चिपळूणचं नाहीतर रत्नागिरीचंच तिकीट काढा. ‘दोन्हीकडे चालतं’ म्हणून. विक्रीचे आकडे बघून थांबा गेला की पुढच्या स्मरणिकेला मजकूर तयार.

फलाटाचा फोटो मधोमध उभं राहून काढा. टोकाकडे जाऊ नका. जनरलचे डबे गाडीच्या पुढे-मागे असतात, फलाट आखूड असला की तेच खडीत उभे राहतात. रुळाच्या पातळीवरच्या फलाटापासून डब्याची फरशी मीटरभराहून वर. शेवटच्या पायरीवरून पाय खाली चाचपडतो आणि जमीन काही लागत नाही. उतरण्याचा क्रम असा: आधी तांदळाची गोणी, मग मुलं, मग आजी. आजीला गोणीवर पाय ठेवता येतो, एवढ्यासाठी तरी गोणी भरलेली असावी.

वेळापत्रक छापायच्या भानगडीत पडूच नका. पावसाळ्याचं वेगळं असतं आणि धो धो पावसात समोरचं दिसेना झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर येते. शिवाय दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर आता दिव्याहून सुटते. म्हणजे मुंबईच्या माणसाने बोचकी घेऊन आधी लोकलमध्ये घुसायचं. हे ‘एका प्रवासात दोन गाड्यांचा आनंद’ या मथळ्याखाली टाकता येईल.

प्रकाशन फलाटावरच ठेवा. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची वेळ मात्र एक्स्प्रेस धडधडत निघून जाते त्याच्या आधी किंवा नंतरची घ्या, नाहीतर टाळ्या कशासाठी ते कळत नाही. पाहुणे अर्थातच गाडीने येणार नाहीत, कसे येतील? मुंबई-गोवा महामार्गाने येतो म्हणाले, तर आदल्या दिवशी निघायला सांगा.