पंचगंगेच्या पुराला बनारसचे घाट, आणि मार्क पैकीच्या पैकी

डोकं फिरलंय माझं कालपासून. नववीच्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं, विषय पंचगंगेचा पूर, आणि यंदा वरनं फर्मान की व्हिडिओच पाहिजे, एआय वापरला तर जादा मार्क. पहिला नंबर कुणाला? ज्या व्हिडिओत पंचगंगा म्हणून बनारसचे घाट दाखवलेत, पाण्यावर दिवे सोडलेत आणि मागनं एक बाई "रंकाला", "पन्हाला" म्हणत सुटलीय त्याला! ळ म्हणता येत नाही त्या मशीनला, आणि आम्ही कोल्हापुरात बसून "उच्चार स्पष्ट" म्हणून मार्क टाकतोय. वर ते ढॅण ढॅण म्युझिक, हृदयाचा धडा असूदे नाहीतर पूर, तेच म्युझिक, मला त्याचा मनापासून तिटकारा आहे. पोराला विचारलं, बाळा, धोक्याची पातळी किती? गप्प. अरे ४३ फूट! पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर मोजलेला नदीच्या पाण्याचा आकडा इथं शेंबडं पोरगंपण सांगतं. पोराचा दोष नाही, घरच्यांनी पैसे भरून एआय ॲपचा प्लॅन घेतला, दोन ओळी टाकल्या, मशीननं करून दिलं. पण मग मार्क कुणाला दिले आपण?

आणि चिखलीच्या एका पोरीनं काय केलं माहिताय? आज्जीला अंगणात बसवून बोलतं केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांवर गेली तेव्हा म्हशींची दावी कापून कशी सोडली, गाव सोडताना काय काय मागं राहिलं, आज्जी सगळं सांगतीय आणि मधेच थांबतीय. मग पोरगी भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून मोजून दाखवतीय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतात, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरनं दरवर्षी भांडण का होतं, सगळं स्वतःच्या अक्षरात वहीत. फोन हलतोय, कोंबडं आरवतंय, आणि फुकटच्या ॲपचा वॉटरमार्क कोपऱ्यात. त्या वॉटरमार्कचे मार्क कापले! १० पैकी ४, शेरा "क्वालिटी सुधारा". बाहेर येऊन मला विचारती, "सर, परत काढू काय व्हिडिओ? मावशीचा फोन चांगला हाय." काय सांगू मी तिला?

शाहू महाराजांनी १९१७ ला करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि आम्ही आता कुणाच्या घरात कुठला प्लॅन आहे ते बघून मार्क देतोय. लाज वाटली मला त्या खोलीत बसायची.

मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही, रक्त हृदयातनं कसं फिरतं ते मी स्वतः ॲनिमेशन लावूनच दाखवतो, फळ्यावर तासभर घालवून जे होत नाही ते पोरांना झटकन कळतं. शिकवायला वापरा की! पण मूल्यमापन पोराचं करायचं का ॲपचं?

वर आता नवीन टूम, निबंध एआय डिटेक्टरमधनं काढा. अहो, चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच स्वतःचा डिटेक्टर २०२३ च्या जुलैमध्ये बंद केला, अचूक नाही म्हणून! मशीननं लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के त्याला ओळखता येत होता, आणि माणसानं लिहिलेलंपण मधनंमधनं मशीनचं ठरवत होता. आणि आम्ही असल्या टूलच्या भरवशावर पोरांना चोर ठरवायचं? ट्रेनिंगमध्ये हे विचारलं तर "सर, निगेटिव्ह होऊ नका". ते ट्रेनिंगपण रविवारी, दिवसभर स्लाइड वाचून दाखवल्या आणि शेवटी फोटो काढून ग्रुपवर टाका. फोटो, फोटो, फोटो! झाड लावलं फोटो, खिचडी शिजली फोटो, हजेरी ॲपवर, रात्री दहाला लिंक येती की उद्या अकराच्या आत भरा, फोनचं स्टोरेज फुल्ल, आणि स्मार्ट बोर्ड लावलाय त्या वर्गात पावसाळ्यात लाईट टिकत नाही. शिकवायचं कधी ओ?

लेखी दिलंय मी आज. वॉटरमार्क आणि "क्वालिटी"चे रकाने काढा, व्हिडिओ कसलाही असूदे, त्यावर पाच प्रश्न तोंडी विचारा आणि मार्क त्याचे द्या, आणि चिखलीच्या पोरीचं प्रोजेक्ट परत तपासा. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. पुढच्या वर्षी नाही, ह्याच निकालात पाहिजे, तोपर्यंत त्या मार्कांच्या शीटवर मी सही करणार नाही.