सुमात्राच्या कॉफीची मातकट चव मातीतून येत नाही

‘सुमात्राची कॉफी ज्वालामुखीच्या मातीत वाढते, म्हणून ती मातकट लागते’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या मेहनतीचं श्रेय भलतीकडेच जातं.

सुमात्रा हे इंडोनेशियातलं बेट. शेजारच्या जावा बेटावरच्या इजेन पठाराची मातीही ज्वालामुखीचीच. पण तिथली धुऊन वाळवलेली अरेबिका जातीची कॉफी चवीला स्वच्छ असते, मातकट नाही. मग फरक कुठे पडतो? ‘गिलिंग बासाह’ या, दाणा ओला असतानाच टरफल काढण्याच्या सुमात्रातल्या पद्धतीत.

सुमात्रातल्या आचे प्रांताच्या गायो या डोंगराळ भागात शेतकरी फळाचा गर घरीच काढतात, बिया रात्रभर आंबवून धुतात आणि थोड्याशाच वाळवून विकतात. इतरत्र ओलावा ११-१२ टक्क्यांवर आल्यावरच वरचं कडक टरफल काढतात. इथे मात्र तो ३० टक्क्यांच्या वर असतानाच काढतात. दाणा तेव्हा इतका मऊ असतो की यंत्रात काहींचं टोक शेळीच्या खुरासारखं दुभंगतं. मग हे उघडे दाणे वाळवतात आणि त्यांना निळसर हिरवा रंग येतो. दाट पोत, कमी आंबटपणा आणि ती मातकट, मसालेदार झाक प्रामुख्याने इथून येते. सततच्या पावसात पूर्ण वाळवणीची वाट बघणं परवडत नाही, म्हणून ही पद्धत रुजली.

एकूण चवीत उंची, वाण, माती यांचाही वाटा असतोच. त्याच मेसेजमध्ये इंडोनेशियाची सगळी कॉफी डोंगरातली अरेबिका असल्याचंही म्हटलंय. प्रत्यक्षात तिथलं बहुतांश उत्पादन रोबस्टा या दुसऱ्या जातीचं आहे.