मुलगी अभ्यास करतेय, तिची फाईल कोण करणार?

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडच्या पोरी कोल्हापुरात खोली घेऊन राहतात आणि अभ्यासिकेत दहा-दहा तास बसतात. कुणाला तहसीलदार व्हायचंय, कुणाला पीएसआय, कुणाला ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी. आपल्या भागातल्या माणसांची कामं अडू नयेत, हे त्यातल्या अनेकींच्या मनात असतं. अभ्यास त्या करतात, त्याबद्दल त्यांना काही सांगायची गरज नाही. मला बोलायचंय त्यांच्या घरच्यांशी. आरक्षित जागेवर निवड झाली तरी नियुक्ती ज्या कागदांवर अडते, ते कागद मुलीच्या टेबलावर नसतात. ते आजोबांच्या ट्रंकेत, चुलत्याच्या कपाटात आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात.

सगळ्यात वेळ खाणारी गोष्ट म्हणजे जात पडताळणी. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण वैधता, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, देणारी समिती वेगळी. ती मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा बघते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. वडिलांचा शाळेचा दाखला १९७५ चा असेल तर तेवढ्यावर भागत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, आत्या यांच्या नोंदी शोधा. पुरावा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्याचाच लागतो. मुलीचं लग्न झालेलं असलं तरी सासरचे कागद इथे उपयोगी नाहीत.

शोधायचं कुठं? गावच्या प्राथमिक शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आधी बघा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं संस्थानातल्या गावांत हा शोध सोडून देऊ नका. दुसरी जागा तहसीलची. तिथं गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद मागा आणि नुसता फोटो न काढता खरी नक्कल घ्या. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून ते मूळ नकलेला जोडा. चंदगडकरांनी एक ध्यानात ठेवावं, हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. जुनी नोंद इथं मिळाली नाही तर तिकडेही चौकशी करावी लागते.

आणि आपल्याकडचा खास घोळ, आडनावाचा. रजिस्टरात ‘रामा बाळा चौगले’ आणि नातीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘पाटील’. पाटीलकी घरात होती म्हणून मधल्या पिढीनं पाटील लावलं, हे गावाला माहीत असतं, समितीला नसतं. रामा आणि रामचंद्र एकच, हेही कागदानंच दाखवावं लागतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला वारसाची डायरी, म्हणजे फेरफार उतारा, लावा. त्यात बाप-लेकाचं नातं सलग दिसतं. वडिलांकडच्या कुणा सख्ख्या नातेवाइकाची वैधता आधीच झाली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर ठेवा. पुराव्यानं समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण चौकशीसाठी दक्षता पथकाकडे जातं आणि तिथं महिने जातात.

हे कधी करायचं? ती शिकत असताना. सायन्सच्या मुलांची पडताळणी बारावीतच कॉलेजमार्फत होते, कारण पुढं इंजिनिअरिंग-मेडिकलला ती लागते. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींना कुणी सांगतच नाही, आणि स्पर्धा परीक्षेला मोठ्या संख्येनं बसतात त्याच. हे मला फार लागतं. शैक्षणिक कारणासाठीच्या पडताळणी अर्जाला कॉलेजचं पत्र जोडायचं असतं, ते शिकत असताना सहज मिळतं. पदवी होऊन घरी बसलेल्या मुलीला ते कोण देणार?

नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला, त्या मानानं सोपं, पण फसवं. त्याची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. एप्रिल उजाडला की नव्याचा अर्ज टाकायचा, जाहिरातीची वाट बघायची नाही. आणि लग्न झालेल्या मुलीचं नॉन क्रिमीलेअर तिच्या आई-वडिलांच्या उत्पन्नावर ठरतं, नवऱ्याच्या पगारावर नाही. सासरचा उत्पन्नाचा दाखला घेऊन हेलपाटे घालू नका.

नावाचंही तसंच. अर्ज दहावीच्या सर्टिफिकेटवरच्या नावानंच भरायचा. आधार सासरच्या नावानं बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र फाईलमध्ये हवंच. लग्नाचा हॉल, आहेर, जेवणावळ सगळं होतं आणि नोंदणी तेवढी राहते. ती त्याच आठवड्यात करा.

सीमाभागातल्या लेकी-सुनांसाठी एक. कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो तिकडच्या कार्यालयातून आणायचा असतो, तेव्हा जाहिरात निघायच्या आधीच कुणीतरी घरातलं माणूस तिच्यासोबत पाठवा.