रिव्हर्टचा फेरा

पुण्यातल्या आमच्या कचेरीत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर कळवा’, हे नव्याने रुजू झालेल्या पोरापासून साहेबांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्याच भरवशावर मी अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला त्याच्या संगणकप्रणालीत केलेल्या 40 बदलांची यादी पाठवली, खाली अत्यंत नम्रपणे ‘प्लीज रिव्हर्ट’ असे लिहिले आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी उठून पाहतो तो त्या सज्जनाने चाळीसच्या चाळीस बदल मागे घेऊन प्रणाली पूर्ववत केली होती आणि उत्तरादाखल एकच शब्द लिहिला होता : ‘डन’.

दोष त्याचा नव्हता. ‘रिव्हर्ट’चा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असाच आहे, ‘उत्तर देणे’ हा अर्थ भारतात, तसाच सिंगापूर-मलेशियातल्या कचेऱ्यांत चालतो. आमचे प्रोग्रॅमर तर दुपारी कोड रिव्हर्ट करतात तेव्हा तो जुन्या स्थितीला नेतात आणि संध्याकाळी मेलवर रिव्हर्ट करतात तेव्हा उत्तर देतात, आणि यात त्यांना काहीही वावगे वाटत नाही.

चडफडत शब्दकोश उघडला. शब्द मूळचा लॅटिन : ‘रे’ म्हणजे मागे, ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे. हे ‘व्हर्टेरे’ आपल्या संस्कृत ‘वृत्’ धातूचे भावंड निघाले, म्हणजे वर्तुळ, परिवर्तन आणि निवृत्ती ही सगळी त्याच घरची मंडळी. त्या नात्याने मी गिऱ्हाइकाला ‘कृपया निवृत्त व्हा’ असेच कळवले होते म्हणायचे. त्याहून कहर म्हणजे, 1300 च्या सुमारास हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा एक अर्थ ‘शुद्धीवर येणे’ असा होता.

वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “आम्ही पत्राखाली ‘उलट टपाली उत्तर पाठवावे’ असे लिहीत असू,” ते म्हणाले. “त्यावर कुणी आमचेच पत्र परत धाडल्याचे मला आठवत नाही.”

एवढ्यात साहेबांचा मेल आला : घडल्या प्रकाराबद्दल संध्याकाळपर्यंत ‘रिव्हर्ट बॅक’ करावे. ‘रिव्हर्ट’मध्ये ‘मागे’ आधीच असताना वर पुन्हा ‘बॅक’, म्हणजे पिवळे पीतांबरच. पण हे साहेबांना सांगण्याची ती वेळ नव्हती. कोणत्या अर्थाने रिव्हर्ट व्हायचे तेही न विचारता मी पहिला बदल पुन्हा चढवायला बसलो.