उसन्या वेळेचे व्याज

आमच्या कट्ट्यावर काही विषय दर चार-सहा महिन्यांनी आपोआप डोके वर काढतात आणि कोविडच्या साथीत लावलेली टाळेबंदी योग्य होती का, हा त्यांतला सर्वांत चिवट विषय आहे. या वेळी निमित्त झाले ते कारखानदाराच्या हजेरीवहीचे. आमच्यात नावाने हाक मारण्याची रीत नाही, पेशावरूनच माणूस ओळखला जातो. तेव्हा येथेही डॉक्टर, विमावाला, बाई आणि कारखानदार एवढीच मंडळी आहेत, आणि 'कारखानदार' या भारदस्त बिरुदाखाली अकरा माणसांचे एक वर्कशॉप आहे, एवढे ध्यानात ठेवावे. जुनी कागदपत्रे निकालात काढताना त्याला २०२० सालची वही सापडली आणि ती बगलेत मारूनच तो आला. मार्चच्या पानावर अकरा नावांसमोरच्या निळ्या खुणा तिसऱ्या आठवड्यापर्यंत शिस्तीत चालत येतात आणि तेथे एकदम थांबतात. एप्रिल आणि मे ही दोन्ही पाने कोरी आहेत. जूनच्या पानावर खुणा पुन्हा सुरू होतात, पण सहाच नावांसमोर.

"ही पाच माणसे विषाणूने नेली नाहीत, हुकुमाने नेली," असे म्हणून त्याने वही मध्ये ठेवली. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे त्याचे जुनेच पालुपद आहे. पण आज तो तयारीने आला होता. २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ७ कोटी लोक नव्याने अतिदारिद्र्यात लोटले गेले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. भारतात २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्री देश बंद झाला, म्हणजे हातावर पोट असणाऱ्यांना मिळाले ते चार तास. त्यानंतरच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आधीच्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरले. वाचलेल्या जिवांची यादी सगळेच सांगतात, बुडालेल्या पोटांची यादी कोणी ठेवली, असा त्याचा सवाल होता.

विमावाल्याने या आकड्यांवर वाद घातला नाही. त्याचा आक्षेप त्यांच्या मालकीवर होता. हे सगळे नुकसान टाळेबंदीच्याच खात्यावर कशावरून मांडायचे? साथ आल्यावर माणसे हुकुमाची वाट न पाहता घाबरून घरात बसतात. अमेरिकेत ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून, सीमेच्या अलीकडे निर्बंध आणि पलीकडे मोकळीक अशा लगतच्या भागांची तुलना केली. दुकानांकडची वर्दळ एकूण ६० टक्के-अंकांनी घटली होती आणि त्यांतले फक्त ७ अंक कायदेशीर निर्बंधांमुळे होते. डेन्मार्कने कडक बंद पाळला आणि स्वीडनने बरेच काही उघडे ठेवले, तरी सुरुवातीच्या आठवड्यांत खर्च डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी आणि स्वीडनमध्ये सुमारे २५ टक्क्यांनी घटला. "म्हणजे तुझ्या कोऱ्या पानांपैकी बहुतेक कोरेपण भीतीचे आहे, हुकुमाचे नव्हे," असे त्याने बजावले.

यावर कारखानदाराने जे उत्तर दिले, ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत वजनदार विधान वाटले. तो म्हणाला की, भीतीने घरी बसणे हीसुद्धा ऐपतीची गोष्ट आहे. ज्याचा पगार महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होतो, तो हुकुमाआधीच घरी बसला आणि हुकूम उठल्यावरही बसून राहिला. त्याच्या बाबतीत त्या कागदाने फारसा फरक पडला नाही, हे खरे आहे. ज्याला आज काम केल्याशिवाय उद्या चूल पेटवता येत नाही, तो भ्याला तरी बाहेर पडतोच, आणि त्याला अडवतो तो फक्त हुकूम. तेव्हा ज्या देशांत बहुतेकांना घरी बसणे परवडते, त्या देशांतले सात अंक उचलून ज्या देशांत ते परवडत नाही तेथे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्याला घालणे होय. शिवाय डेन्मार्कने कामगारांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा भरून दिला होता. तेथे बंदी आणि भरपाई जोडीने आल्या, इतर अनेक ठिकाणी बंदी आधी आली आणि भरपाई रस्ता चुकली.

विमावाला थोडा वरमला, पण हटला नाही. त्याच्या धंद्यात माणसाच्या जिवाची किंमत करणे हे रोजचे काम असल्यामुळे तो ज्या थंडपणे त्याबद्दल बोलतो, त्याने बाईंच्या अंगावर दर वेळी काटा येतो. त्याने सांगितले की, एकाच टाळेबंदीचा हिशेब दोन मापांनी केला तर दोन उलटी उत्तरे येतात. अमेरिकी सरकारी खाती तेव्हा एक जीव वाचवण्याचे मोल साधारण एक कोटी डॉलर धरत असत. त्या मापाने टाळेबंदी भरघोस फायद्याची ठरते. ब्रिटनमध्ये औषधोपचार परवडतो की नाही हे ठरवणारी नाइस ही संस्था मात्र त्या काळात पूर्ण आरोग्याच्या एका वर्षासाठी २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा धरत असे. मृत्यूंत वृद्धांचे प्रमाण मोठे आणि त्यांची उरलेली वर्षे कमी, म्हणून या मापाने तीच टाळेबंदी महागडी दिसू लागते. कोणते माप हाती घ्यायचे, हे गणित सांगत नाही. आणि निकाल आधी ठरवून माप मागाहून निवडणारे विद्वान दोन्ही बाजूंना आहेत, हे माझे मत आहे, ते त्याच्या तोंडी घालत नाही.

एवढा वेळ गप्प असलेले डॉक्टर येथे बोलू लागले. त्यांनी त्या वर्षी अतिदक्षता विभागात काम केले होते. ते म्हणाले की, तुमच्या दोघांच्याही वहीत खाट नावाची ओळच नाही. हृदयविकाराचा रुग्ण दोन-तीन दिवसांत अतिदक्षता विभागातून बाहेर पडतो; व्हेंटिलेटरवर गेलेला कोविडचा रुग्ण ती खाट दोन-तीन आठवडे अडवून ठेवत असे. रुग्णसंख्या तीन दिवसांनी दुप्पट होत असेल, तर अर्धा भरलेला विभाग आणि पूर्ण भरलेला विभाग यांत अंतर असते ते तीन दिवसांचे. एका रात्रपाळीत त्यांच्यासमोर एकच खाट मोकळी होती आणि दारात दोन स्ट्रेचर होते. एकावर श्वास लागलेला रुग्ण, दुसऱ्यावर अपघातातला तरुण. पुढे काय झाले, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्यांचा मुद्दा इतकाच होता की, खाटा संपल्या की मृत्यूचा दर त्या रोगापुरता राहत नाही, सगळ्याच आजारांचा वाढतो.

पण त्यांनी हातचे राखून काही सांगितले नाही. क्षयरोगाचे नव्याने नोंदवलेले रुग्ण २०१९ मध्ये जगभर ७१ लाख होते आणि २०२० मध्ये ५८ लाखांवर आले. रोग घटला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचला नव्हता. क्षयाचे मृत्यू त्या वर्षी दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. त्याच वर्षी सुमारे २ कोटी ३० लाख बालकांच्या नेहमीच्या लसी चुकल्या. यात बंद रस्त्यांचा वाटा किती, संसर्गाच्या धास्तीचा किती आणि कोविडकडे वळवलेल्या मनुष्यबळाचा किती, हे कोणालाही काटेकोर वेगळे करता येणार नाही, आणि जो वेगळे करून दाखवतो त्याच्याकडे आपण संशयाने पाहतो, असे डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी उपचारखर्चाचा विषय काढला. पोटाचा प्रश्न एका बाजूला आणि आरोग्याचा दुसऱ्या बाजूला, ही वाटणीच त्यांना मान्य नाही. आरोग्यावरचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागल्यामुळे जगातील ५० कोटींहून अधिक लोक अतिदारिद्र्यात जातात किंवा त्यात आणखी खोल रुततात, असे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी डिसेंबर २०२१ मध्ये एकत्रितपणे सांगितले होते. दोन महिन्यांची बुडालेली मजुरी माणूस कसाबसा भरून काढतो. अतिदक्षता विभागातल्या तीन आठवड्यांचे बिल फेडायला त्याला दहा वर्षेही पुरत नाहीत.

बाईंनी शाळेचा विषय काढणे अपरिहार्यच होते. एप्रिल २०२० मध्ये जगातील सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळेबाहेर होते. स्वीडनने सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा उघड्या ठेवल्या, हे त्यांचे आवडते उदाहरण. डॉक्टरांनी लगेच आठवण करून दिली की, त्याच २०२० मध्ये स्वीडनमध्ये शेजारच्या नॉर्वेच्या मानाने लोकसंख्येच्या प्रमाणात कितीतरी पट मृत्यू झाले. त्यावर विमावाल्याने सांगितले की, तीन वर्षांचे अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी झाले असते त्यांहून जास्त झालेले मृत्यू, एकत्र मोजले तर अनेक अंदाजांत स्वीडन युरोपातल्या सर्वांत कमी मृत्यूंच्या देशांत दिसतो. स्वीडनवर वाद घालणारा प्रत्येक जण आपल्या सोयीची खिडकी उघडतो. पण बाईंचे म्हणणे वेगळेच होते. टाळेबंदी ही एक गोष्ट नाही, ते बोचके आहे. त्यात सीमा आहेत, समारंभ आहेत, वर्कशॉप आहेत, वृद्धाश्रमातल्या भेटी आहेत आणि शाळाही आहेत. स्वीडनची मोठी हानी झाली ती वृद्धाश्रमांत, आणि तिचा दोष उघड्या प्राथमिक शाळांवर ढकलता येत नाही. ज्यांना रोगाचा धोका सर्वांत कमी होता त्या मुलांकडून सर्वांत लांब मुदतीचा हप्ता वसूल केला गेला, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या माहितीतला एक मुलगा पहिलीत असताना शाळा बंद झाली. तिसरीत तो परत आला तेव्हा जोडाक्षर दिसले की बोट त्यावर ठेवून थांबत असे आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहत असे.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने मिरवणूक काढली आणि सेंट लुइसने लवकर बंद केले, हा दाखलाही आला. पण लवकर बंद करणाऱ्या शहरांची पुढे आर्थिक भरभराट झाली या निष्कर्षावर इतके आक्षेप आहेत की त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

माझे मत मी शेवटी मांडले. टाळेबंदीने रोग बरा होत नाही; तिने वेळ उसना मिळतो आणि त्यावर व्याज चढते. तो वेळ कशात घातला, यावर कर्ज सत्कारणी लागले की नाही हे ठरते. मार्च ते डिसेंबर २०२० या नऊ महिन्यांच्या शेवटी ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले; त्यामुळे तोवर पुढे ढकललेला मृत्यू हा अनेकांच्या बाबतीत टळलेलाच मृत्यू ठरला. अर्थात लस इतक्या लवकर येईल हे मार्चमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणजे त्यात दैवाचाही हात होता. उलट चीनने वुहान ७६ दिवस बंद ठेवले तेव्हा लस नव्हती, पण २०२२ मध्ये शांघाय दोन महिने बंद केले तेव्हा ती होती; तरी त्या वर्षअखेरीस निर्बंध झटकन उठवले तेव्हा ऐंशीपुढच्या असंख्य लोकांनी बूस्टर मात्रा घेतलेली नव्हती. व्याज पूर्ण भरले आणि मुद्दल तसेच पडून राहिले. आणि कर्ज एकाने काढायचे, उपभोग दुसऱ्याने घ्यायचा आणि हप्ता तिसऱ्याने भरायचा, हा प्रकार तर जवळपास सर्वत्र झाला.

कारखानदाराला हे पटले, पण अर्धेच. "पुढच्या वेळी बंद करा," तो म्हणाला, "पण ज्या कागदावर बंदची तारीख असेल, त्याच कागदावर माझ्या माणसांच्या हातात पैसे पडण्याची तारीख असली पाहिजे." डॉक्टरांनी भर घातली की, त्याच कागदावर वाढवायच्या खाटांची संख्याही हवी. बाईंनी शाळा उघडण्याची तारीख मागितली.

मग डॉक्टरांनी वही पुढ्यात ओढून त्या पाच नावांवर बोट ठेवले आणि एकेकाचे काय झाले ते विचारले. दोघे मजुरी थांबल्यामुळे गावी गेले आणि तिकडेच राहिले. तिसऱ्याचे काम हुकूम उठल्यावरही परत आले नाही, कारण ज्याच्यासाठी ते सुटे भाग बनत त्या ग्राहकाची मागणीच उरली नव्हती. चौथ्याच्या भावाला रुग्णालयात ठेवावे लागले, त्यासाठी काढलेले कर्ज फेडायला तो जास्त पैशांच्या कामावर गेला. कारखानदाराने खिशातून पेन्सिल काढली आणि हे सांगता सांगता पहिल्या दोन नावांसमोर 'हुकूम', तिसऱ्यासमोर 'मागणी' आणि चौथ्यासमोर 'आजार' असे लिहिले. पाचव्या नावासमोर त्याने पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली आणि काहीच न लिहिता वही मिटली.